बटाट्यात किडे बघायला उतरताय? आधी हे वाचा

खरीप बटाट्यात उतरलास की आधी पान उलटून बघ. बेळगाव-खानापूरकडच्या पावसात वरून काही दिसत नाही, सगळा बाजार पानाखाली. तिथला मावा नुसता रस शोषत नाही, विषाणूही पसरवतो.

ठिपक्यांचा भुंगेरा दिसला की लगेच मित्रकीटक म्हणू नकोस. सात ठिपक्यांचा, तकतकीत असेल तर तो मावा खाणारा. अंगावर बारीक लव, रंग मंद आणि ठिपके अठ्ठावीस असतील तर तो पानच खरवडून जाळी करतो. त्याची अळी पिवळी, काटेरी असते. नवशिक्यांच्या वहीत हे दोघे हमखास एकाच नावाने सापडतात!

जमिनीवरच्यांसाठी प्लास्टिकचा ग्लास काठापर्यंत पुरून त्यात थोडं साबणपाणी घाल, वर पावसाला आडोसा कर. भुईभुंगेरे, कोळी त्यात बरेचदा रात्री पडतात. फवारणी कधी झाली ते शेतकरीदादांना विचारून लिही, नाहीतर मोजलेल्या किड्यांच्या आकड्यांना अर्थ नाही.

हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळं-कंद खाणारी अळी, खणल्याशिवाय दिसत नाही. बटाट्याची पाकोळी (पतंग) मात्र उघड्या पडलेल्या कंदावर अंडी घालते, म्हणून मातीची भर कुठे कमी आहे तेही टिपून ठेव. काढणीनंतर साठवलेल्या ढिगातही एकदा डोकाव.