संशयवादी व्यवहार कसा करतो?

प्रश्न : चाटी गल्लीत माझे चादरींचे दुकान आहे. एकाच चादरीचा लाल रंग ट्यूबलाइटखाली वेगळा दिसतो आणि दारात उन्हात धरली की वेगळा. मग गिऱ्हाईक विचारते, यातला खरा कोणता? प्राचीन ग्रीक संशयवादी अशा प्रश्नांवर निर्णयच देत नसत, असे वाचले. मग त्यांचा रोजचा व्यवहार कसा चाले? आपल्याकडे असा विचार कोणी केला होता का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या गिऱ्हाईकाचा प्रश्न सेक्स्टस एम्पिरिकसने जवळपास याच स्वरूपात नोंदवून ठेवला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास लिहिणाऱ्या या ग्रंथकाराने निर्णय रोखून धरण्याच्या ज्या दहा युक्त्या दिल्या, त्यांपैकी एक स्थिती, अंतर आणि स्थान यांवर आधारलेली आहे : कबुतराची मान वळेल तसा तिचा रंग बदलतो, आणि दिव्याची ज्योत उन्हात मंद तर अंधारात प्रखर दिसते. यातले एकच दर्शन खरे मानायचे, तर त्याला निकष हवा. त्या निकषाला पुन्हा दुसरा निकष हवा, आणि ही साखळी कोठेच संपत नाही.

व्यवहाराविषयीची आपली शंका मात्र फार जुनी आहे. या परंपरेचा आद्य पुरुष पिऱ्हो (इ.स.पू. सुमारे ३६० ते २७०) समोरून गाडी आली, कुत्रा आला किंवा कडा आला तरी बाजूला होत नसे आणि मित्रच त्याला वाचवत, अशी आख्यायिका प्राचीन तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणाऱ्या डायोजेनिस लेअर्शियसने दिली आहे, पण पिऱ्हो बेसावध वागत नसे, हे एनेसिडेमस या नंतरच्या संशयवाद्याचे मतही त्यानेच नोंदवले आहे. नव्वदीपर्यंत जगलेल्या माणसाबद्दल मला दुसरे मत अधिक पटते. सेक्स्टसचे उत्तर तर अगदी सरळ आहे. मध गोड लागतो हे संशयवादी नाकारत नाही; तो स्वभावतःच गोड आहे की नाही, एवढ्यावरच तो मत देत नाही. तहान-भूक, रूढी-कायदे आणि शिकलेला धंदा यांच्या आधाराने तो चारचौघांसारखाच जगतो. सेक्स्टस स्वतः वैद्य होता. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ मध्ये मांडलेला संशय याहून निराळा, कारण तो निःसंशय पाया शोधण्यापुरताच होता.

पिऱ्हो अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतात आला आणि येथील नग्न तपस्व्यांना भेटला, असेही डायोजेनिस सांगतो. परंतु तेवढ्यावरून कोणी कोणाचा शिष्य ठरत नाही. आपल्याकडे बुद्धकालीन संजय बेलट्ठिपुत्त परलोकाविषयी ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे कोणतेच विधान पत्करत नसे. सामञ्ञफलसुत्त या पाली बौद्ध सूत्रात मगधाचा राजा अजातशत्रू त्याचे म्हणणे सांगतो आणि टाळाटाळ म्हणून त्याची संभावना करतो. खरा तुल्यबळ विचारवंत म्हणजे ‘तत्त्वोपप्लवसिंह’ लिहिणारा जयराशिभट्ट. जडवादी चार्वाकांनी निदान प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी मिळणारे ज्ञान, हे प्रमाण तरी मानले होते. जयराशीने तेही ठेवले नाही, आणि तत्त्वे अशी उलथून पडल्यावरही सर्व व्यवहार, खोलात विचार न करता, सुखाने चालतात असे ग्रंथाच्या शेवटी लिहिले. गुजरातमधल्या पाटणच्या ग्रंथभांडारात सापडलेल्या हस्तलिखितावरून हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापून आला तो १९४० साली, त्यामुळे त्याआधी लिहिलेल्या भारतीय दर्शनांच्या इतिहासांत जयराशीचे नाव आपल्याला सहसा आढळणार नाही.