टॉवर किंवा सॅटेलाइटऐवजी खूप उंचावरच्या विमानातून मोबाइल नेटवर्क देता येईल का?

देता येतं, दिलंही गेलंय. यात रेडिओचा भाग त्या मानाने सोपा. खरी कसोटी लागते ती रात्र काढताना.

मी मोबाइल नेटवर्कच्या प्लॅनिंगमध्ये काम करतो, म्हणून आधी सिग्नलचं सांगतो. ही विमानं साधारण 20 किमीवर उडतात, म्हणजे प्रवासी विमानांच्या जवळपास दुप्पट उंचीवर. तिथे वारा बराच मंद असतो. 550 किमीवरच्या सॅटेलाइटपेक्षा अंतर 27 पटींनी कमी, त्यामुळे तेवढ्याच ताकदीने सोडलेला सिग्नल फोनपर्यंत सातशेपट जोरात पोचतो. खिशातला साधा फोरजी फोन चालतो, डिश लागत नाही. एका विमानाखाली सुमारे 200 किमी व्यासाचा प्रदेश येतो. फक्त विमान अगदी डोक्यावर असेल तर घरात शिरल्यावर रेंज पडते: टॉवरचा सिग्नल खिडकीतून आत येतो, याला मात्र छताचा स्लॅब भेदावा लागतो. शहरातली गर्दीही याला झेपणार नाही, तिथे टॉवरच हवेत.

आता रात्र. एअरबसच्या झेफिर विमानाचे पंख 25 मीटर लांब आणि वजन जेमतेम 75 किलो. दिवसा सोलर पॅनेलवर उडायचं, उडता उडता बॅटरी भरायची आणि सूर्य मावळला की तिच्यावरच सकाळ गाठायची. बॅटरी वाढवावी तर रेडिओसाठी वजन उरत नाही. ध्रुवांकडच्या देशांत हिवाळ्यातली रात्र इतकी लांबते की हे गणितच जमत नाही. तरीही 2022 मध्ये हे विमान सलग 64 दिवस हवेत राहिलं. मला याचं फार कौतुक वाटतं.

फुग्यांना तरंगायला इंजिन लागत नाही, पण ते एका जागी थांबत नाहीत. गूगलमध्ये सुरू झालेल्या लून प्रकल्पातले फुगे वर-खाली होऊन हवा तो वारा पकडायचे. 2020 मध्ये केनियात त्यांची व्यावसायिक सेवा सुरू झाली. खर्चाचा मेळ बसेना, म्हणून जानेवारी 2021 मध्ये प्रकल्प बंद करत असल्याचं जाहीर झालं.

तरी मी याला अपयश म्हणणार नाही. 2017 मध्ये मारिया वादळाने प्वेर्तो रिकोमधले बहुतेक टॉवर बंद पाडले, तेव्हा याच फुग्यांमुळे लाखाहून जास्त लोकांना इंटरनेट मिळालं. घरच्यांना ‘सुखरूप आहे’ एवढं कळवायला तेवढं पुरतं.