पित्ताशय डावीकडे असेल तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करता येते का?

आपण विचारले आहे की, 54 वर्षांच्या आईच्या पित्ताशयात खडे आढळले, पण त्याच तपासणीत यकृत व पित्ताशय डावीकडे आणि हृदय उजवीकडे असल्याचे कळले, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करणे सुरक्षित ठरेल का. मी सर्जन आहे आणि अशा एका रुग्णाची शस्त्रक्रिया मी केली आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र तयारी वेगळी लागते.

या जन्मजात रचनेस ‘सायटस इन्व्हर्सस’ म्हणतात. साधारण दहा हजारांत एका व्यक्तीत छाती-पोटातले सर्व अवयव आरशातल्या प्रतिमेसारखे उलट बाजूला असतात. तो आजार नव्हे. अनेकांना तो उतारवयात, दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत कळतो. माझ्या रुग्णाचा एक्स-रे मी दोनदा उलटून पाहिला होता, कारण फिल्म चुकीची लावली असेच वाटले. कोपऱ्यातली उजवी बाजू दाखवणारी ‘आर’ ही खूण पाहिल्यावर हृदय खरोखरच उजवीकडे असल्याची खात्री पटली.

खरी अडचण सर्जनच्या हातांच्या सवयीत आहे. एरवी आम्ही रुग्णाच्या डाव्या बाजूस उभे राहून डाव्या हातातल्या चिमट्याने पित्ताशयाचा गळा ताणून धरतो आणि छातीच्या हाडाखालच्या छिद्रातून उजव्या हाताने पित्ताशयाची नलिका मोकळी करतो. येथे उजव्या बाजूस उभे राहावे लागते व तेच छिद्र डाव्या हाताशी येते, त्यामुळे उजव्या हाताने काम करणाऱ्याला हात एकमेकांवरून न्यावे लागतात. मी गळा धरण्याचे काम सहायकाकडे सोपवले. काही सर्जन रुग्णाच्या दोन पायांच्या मध्ये उभे राहतात. 1991 पासून अशा शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याची नोंद आहे. वेळ जास्त लागतो, आणि तो लागू द्यावा, कारण नलिका व धमनी स्पष्ट दिसल्याखेरीज काहीही कापायचे नाही हा नियम येथे दुप्पट कसोशीने पाळावा लागतो. नलिका व रक्तवाहिन्यांची ठेवणही कधी कधी निराळी असते, म्हणून आधी पित्तमार्गाचा एमआरआय करून घेणे मला आवश्यक वाटते.

भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, कारण ईसीजीच्या तारा उलट बाजूने लावाव्या लागतात. आईला लहानपणापासून सर्दी-सायनस आणि कफाचा त्रास असेल तर तोही सांगा. अशा काही रुग्णांत कार्टागेनर सिंड्रोम (श्वासमार्गातला कफ बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस जन्मतःच नीट न हलण्याचा विकार) असतो आणि मग भूल देण्यापूर्वी फुप्फुसांची तपासणी करावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर ही माहिती एका कागदावर लिहून तो आईच्या पर्समध्ये कायम ठेवा. त्यांचे अपेंडिक्स डाव्या बाजूस असणार, आणि उद्या तिथे दुखू लागले तर तपासणाऱ्या डॉक्टरांना ते पहिल्याच मिनिटाला कळले पाहिजे.