पाइन ट्री शिलिंगसाठी मुलीच्या 529 खात्याला हात लावावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणारे एक वाचक आठ वर्षांपासून अमेरिकेच्या वसाहतकाळातील नाणी जमवतात. एका ओळखीच्या विक्रेत्याने त्यांना 24,000 डॉलरना एकगठ्ठा संग्रह देऊ केला आहे. त्यात मॅसॅच्युसेट्सचे एक पाइन ट्री शिलिंग (पाइन वृक्षाचे चित्र असलेले चांदीचे नाणे) आणि 1786 ते 1788 या सालांची न्यू जर्सीची 14 तांब्याची नाणी आहेत. एकही नाणे ग्रेडिंग कंपनीकडून, म्हणजे नाण्याचा अस्सलपणा व दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडून, तपासलेले नाही. शिलिंगचे वजन 64 ग्रेन (वजनाचे एक जुने, लहान एकक) भरते आणि विक्रेत्याने ते '1652 मध्ये पाडलेले, व्हेरी फाइन' (हा नाण्याचा एक दर्जा) असे लिहून दिले आहे. मुलगी तीन वर्षांनी कॉलेजला जाणार आहे. निम्मी रक्कम बचतीतून आणि निम्मी तिच्या 529 खात्यातून (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून) घ्यावी, आणि तीन वर्षांनी संग्रह विकून नफ्यासह परत भरावी, असा त्यांचा विचार आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील नाण्यांचे वर्णन वाचताना आपला अभ्यास जाणवतो, आणि न्यू जर्सीची नाणी पाडणारी रॉवे गावची जुनी टाकसाळ आपल्या घरापासून इतकी जवळ असताना घोड्याचे डोके व नांगर कोरलेल्या त्या तांब्याच्या नाण्यांचा मोह पडणे मला पूर्णपणे समजते. तरीही 529 खात्यातून एक डॉलरही काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षणाखेरीज अन्य कारणासाठी काढलेल्या रकमेतील वाढीच्या भागावर प्राप्तिकर लागतो आणि वर 10 टक्के दंडही बसतो. म्हणजे नाणे हातात येण्याआधीच आपण तोट्यात असाल.

त्याहून मोठा प्रश्न खरेदी आणि विक्री यांच्या किमतींतील दरीचा आहे. समजा, 24,000 डॉलर ही आजची अगदी रास्त किंमत आहे, म्हणजे लिलावात बोली जिंकणारा ग्राहक सर्व आकारांसह एवढेच पैसे मोजेल. लिलावगृह बोलीवर साधारण 20 टक्के आकार ग्राहकाकडून घेते, म्हणून प्रत्यक्ष बोली 20,000 डॉलरची असेल. त्यातून विक्रेता म्हणून आपल्याकडून 5 टक्के कमिशन गेले, तर आपल्या हाती 19,000 येतील. बाजारभाव जराही न घसरता 5,000 डॉलर कमी झाले. आपले 24,000 जसेच्या तसे परत मिळायचे असतील, तर ग्राहकाने 30,300 डॉलरच्या आसपास मोजायला हवेत, म्हणजे भाव सुमारे 26 टक्क्यांनी वाढायला हवेत. दरसाल 4 टक्के वाढ धरली तर त्याला सहा वर्षे लागतात, आणि आपल्याकडे तीनच आहेत. शिवाय नफा झालाच, तर संग्राह्य वस्तूंवरील दीर्घकालीन नफ्याला केंद्रीय कराची कमाल मर्यादा 28 टक्के आहे, तर शेअरवरील अशाच नफ्याला ती 20 टक्के आहे. उलट छंद म्हणून बाळगलेल्या वस्तूवरील तोटा करात वजा करता येत नाही. हीच नाणी आयआरए या निवृत्ती-बचत खात्यात ठेवण्याचा मार्गही बंद आहे, कारण तसे केल्यास ती रक्कम खात्यातून काढली असे समजून कर लावला जातो.

आता शिलिंगकडे वळतो, कारण गठ्ठ्याच्या किमतीचा मोठा भार त्यावर आहे. जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन यांच्या बॉस्टन येथील टाकसाळीत पाइन ट्री शिलिंगे 1667 ते 1682 या काळात पाडली गेली. त्यांच्यावरील 1652 हे टाकसाळीला मान्यता मिळाल्याचे साल आहे, ते नाणे पाडल्याचे साल नव्हे. या क्षेत्रात हे पहिल्याच दिवशी कळते. तेव्हा '1652 मध्ये पाडलेले' असे लेखी देणाऱ्या माणसाच्या 'व्हेरी फाइन'वर किती विसंबायचे, याचा विचार आपण करावा. दुसरी गोष्ट वजनाची. ठरवलेले वजन 72 ग्रेन होते आणि आपल्या नाण्यात 8 ग्रेन, म्हणजे नवव्या हिश्शाइतकी चांदी कमी आहे. एवढी चांदी नुसत्या झिजेने जाणे अवघड असते. बहुधा कोणीतरी कड कातरली आहे. भिंगाखाली नाण्यावरील 'मासाथुसेट्स' या अक्षरांच्या माथ्याकडे पाहावे. अक्षरांचे माथे सपाट छाटलेले आणि बाहेरचे मणीवर्तुळ एका बाजूला गायब असेल, तर ग्रेडिंग कंपनी त्याला दर्जाचा आकडा न देता 'डीटेल्स' (अस्सल, पण खराब केलेले नाणे) असा शेरा देण्याची शक्यता मोठी आहे. वाकवून पुन्हा सरळ केलेली शिलिंगेही पुष्कळ सापडतात (ती चेटकिणींपासून रक्षणासाठी वाकवीत, अशी दंतकथा आहे), आणि सरळ केल्याच्या रेघा तिरप्या प्रकाशात दिसतात. शिवाय बनावटीचा धोका आहेच: न्यूयॉर्कमध्ये थॉमस वायटने 1856 च्या सुमारास या नाण्यांच्या नकला पाडल्या होत्या. 1973 च्या कायद्यानुसार अमेरिकेत नकली नाण्यावर 'कॉपी' असे कोरणे सक्तीचे आहे, पण त्याआधीच्या नकलांवर ते नसणार, हे उघड आहे.

तांब्याच्या नाण्यांचे ग्रेडिंग तर आणखी नाजूक आहे. नाण्यांचे अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये मांडलेली दर्जाची 1 ते 70 ची श्रेणी मुळात किमतीचे गणित म्हणून आली होती, आणि पीसीजीएस (1986) व एनजीसी (1987) या ग्रेडिंग कंपन्या तपासलेले नाणे ज्यात बंद करून देतात त्या प्लास्टिकच्या डब्यांमुळे ती रूढ झाली. पण 20 आकड्याच्या दोन नाण्यांपैकी एक गुळगुळीत तपकिरी आणि दुसरे जमिनीतून निघालेले, खडबडीत, हिरवट असू शकते. घोड्याच्या आयाळीचे केस किती उरले आहेत, हे जितके महत्त्वाचे आहे, तितकाच पृष्ठभागही महत्त्वाचा आहे. ज्या कोऱ्या तबकडीवर ठसा मारतात तिच्यातच जन्मतः असलेली चीर एक वेळ क्षम्य ठरते, पण नंतर केलेली साफसफाई क्षम्य नसते. आपल्याकडे चिंचेने घासलेला तांब्या चकचकीत झाला की घरची मंडळी खूश होतात. नाण्याच्या बाबतीत तीच चमक किमतीचा मोठा हिस्सा घेऊन जाते. कृपया घरी काहीही धुऊ नये. प्रत्येक नाण्याचा एडवर्ड मॅरिस यांच्या 1881 च्या, न्यू जर्सीच्या नाण्यांचे ठसे नोंदवणाऱ्या यादीतील क्रमांकही विक्रेत्याकडून लिहून घ्यावा, कारण एकाच सालाच्या दोन ठशांच्या किमतींत मोठा फरक पडतो.

माझी सूचना अशी आहे की गठ्ठा घेऊ नये. आपल्याला मनापासून आवडलेली दोन-तीन तांब्याची नाणी निवडावीत, त्यांवर 2,500 डॉलरपेक्षा जास्त खर्च करू नये, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला राहून वर उरलेल्या पैशांतूनच तो करावा. हा खर्च सहलीच्या खात्यात लिहावा, गुंतवणुकीच्या नव्हे. शिलिंग हवेच असेल, तर विक्रेत्याने ते स्वखर्चाने ग्रेडिंगला पाठवावे आणि 'डीटेल्स' शेरा आल्यास व्यवहार रद्द होईल, असे लेखी द्यावे. डब्यात बंद होऊन आलेल्या नाण्याचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावा, कारण आता डबेही बनावट निघतात.

घेतलेल्या नाण्यांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि वजन नोंदवून पावत्यांसह ठेवावीत. घराच्या विम्यात नाण्यांसाठीची मर्यादा अनेकदा 200 डॉलर इतकीच असते आणि बँकेच्या लॉकरमधील वस्तूंना एफडीआयसीचे (बँकेतील ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेचे) संरक्षण नसते, म्हणून नाणी घरी आणण्याआधी स्वतंत्र विमा घ्यावा आणि त्याचा वार्षिक हप्ता वरच्या हिशेबात धरावा.