नवऱ्याचे पूर्वज अकेडियन (कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागातले फ्रेंच वसाहतकरी), त्यातला एक वॉशिंग्टनच्या सैन्यात होता म्हणतात, पण नाव सापडत नाही. कुठे शोधू?

तुम्ही लिहिलंय की आजेसासूबाईंचं माहेरचं आडनाव ब्रुसार्ड, माहेर लुइझियानाचं, आणि कॉन्टिनेन्टल आर्मीच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या सैन्याच्या, याद्या पालथ्या घालूनही काही मिळालं नाही. माझ्या सासरची एक बाजू पण अकेडियन आहे त्यामुळे तुमची तगमग कळते. पण मला वाटतं तुम्ही चुकीच्या देशाच्या याद्या बघताय.

त्या काळात, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी, लुइझियाना स्पेनकडे होतं. १७७९ ला स्पेनने ब्रिटनशी युद्ध पुकारलं आणि गव्हर्नर गाल्वेझने जी फौज जमवली त्यात मिलिशियातले (स्थानिक नागरिकांच्या फौजेतले) अकेडियन शेतकरी भरपूर होते, त्यांनी सप्टेंबरमध्ये मॅनचॅकचा फोर्ट ब्यूट आणि मग बॅटन रूज घेतलं. म्हणजे ज्या ब्रिटिशांनी १७५५ ला नोव्हा स्कोशियातून घरंदारं जाळून हाकललं त्यांच्याशीच लढले, हे वाचताना मला अजून भरून येतं. या मिलिशियाचे कागद स्पेनमधल्या सेव्हियाच्या अर्काइव्हमध्ये आहेत आणि त्यात जोसेफचा होजे, पिएरचा पेद्रो झालेला असतो, तसं शोधा. डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन (स्वातंत्र्ययुद्धात मदत केलेल्यांच्या वंशज बायकांची संस्था) या लोकांची सेवा मान्य करते.

पण आधी वंशावळ पक्की करा, सैनिक नंतर. आजेसासूबाईंपासून एकेक पिढी मागे जा, चर्चच्या नोंदींवरून. बॅटन रूज डायोसीसने (तिथल्या कॅथलिक धर्मप्रांताने) त्या छापल्यात. कॅथलिक नोंदीत बाईचं माहेरचं आडनाव लिहितात, हा आपल्यासाठी फार मोठा आधार आहे. ऑनलाइन वंशवृक्षांवर मात्र विसंबू नका, १६७१ च्या शिरगणतीत सगळे अकेडियन मिळून पाचशेही नव्हते, सगळे एकमेकांचे नातलग, आणि जोसेफ नि मारी तर प्रत्येक घरात, त्यामुळे दोन चुलतभाऊ एकच माणूस करून टाकलेले सर्रास दिसतात. लग्नाच्या नोंदीत चर्चने जवळच्या नात्यासाठी परवानगी दिल्याचं लिहिलं असेल तर ती ओळ सोडू नका, नातं किती पिढ्यांवर जुळतं ते तिथेच कळतं.

१७५५ नंतरची काही वर्षं रिकामी दिसतील. मॅसॅच्युसेट्ससारख्या प्रोटेस्टंट वसाहतीत या लोकांना पाद्रीच नव्हता, मग बाप्तिस्म्याची नोंद कुठून येणार? तिथे सरकारी कागद बघायचे, मॅसॅच्युसेट्स अर्काइव्हमध्ये फ्रेंच न्यूट्रल्स नावाने आहेत, इंग्रज अकेडियनांना तसं म्हणायचे. त्याआधीच्या, नोव्हा स्कोशियातल्या पोर्ट रॉयल गावच्या नोंदी नोव्हा स्कोशिया अर्काइव्हच्या साइटवर फुकट आहेत, आणि तिथल्याच ग्राँ प्रे गावची रजिस्टरं लोकांनी हद्दपारीत सोबत नेली ती आज बॅटन रूजलाच आहेत!

आणि ब्रुसार्ड म्हटलं की सगळे १७६५ ला अकेडियनांना घेऊन लुइझियानात आलेल्या त्यांच्या पुढाऱ्याशी, बोसोलेय ब्रुसार्डशी, जोडतात, तसं लगेच धरू नका, १७८५ ला फ्रान्सहून सात जहाजं भरून अकेडियन आले होते, तुमचे लोक त्यातले निघाले तर १७७९ च्या लढाईत ते असणारच नाहीत.

आजेसासूबाईंच्या आईवडिलांचं लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं ते माहीत असेल तर लिहा, तिथून पुढे सांगते.