आधी आयएल-५ आणि आयएल-१३ वेगळे करा

दम्यातले सगळे इंटरल्यूकिन (आयएल, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारी प्रथिनं) एकदम पाठ करायला जाऊ नका, गोंधळच होतो. आयएल-५ अस्थिमज्जेतून इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) बाहेर काढतं, त्यांना जगवतं. त्याचा माग रक्ततपासणीत लागतो. आयएल-१३ मुळे श्वासनलिकेत चिकट कफ वाढतो, स्नायू आवळतात आणि उच्छ्वासातलं नायट्रिक ऑक्साइड चढतं. म्हणूनच आयएल-५ अडवणाऱ्या मेपोलिझुमॅबने इओसिनोफिल घटले तरी नायट्रिक ऑक्साइड फारसं हलत नाही. तेवढ्यावरून औषध फसलं म्हणू नका. आयएल-१३ चं काम रोखणाऱ्या डुपिलुमॅबचं उलटं: नायट्रिक ऑक्साइड उतरतं, पण सुरुवातीला रक्तातले इओसिनोफिल तात्पुरते वाढूही शकतात. आणि हो, प्रेडनिसोलोनच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या चालू असताना इओसिनोफिल मोजून ‘हा इओसिनोफिलवाला दमा नाही’ असं ठरवणं ही नेहमीची चूक. गोळ्यांनी आकडा झपाट्याने पडतो. गोळ्यांआधीचे जुने रिपोर्ट बघा.