महेंद्र थेर सिंहलद्वीपात खरोखर गेले होते का?

प्रश्न : सम्राट अशोकाचे पुत्र महेंद्र यांनी श्रीलंकेत बौद्ध धर्म नेला, असे आपण शाळेपासून वाचत आलो. परंतु ही हकिगत ‘महावंस’ या श्रीलंकेच्या पाली इतिहासग्रंथातली असून तो अशोकानंतर कित्येक शतकांनी रचला गेला, असे अलीकडे वाचनात आले. मग ही दंतकथाच मानायची का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ‘दीपवंस’ हा त्याच धर्तीचा आधीचा ग्रंथ इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमारास आणि ‘महावंस’ त्याच्याही नंतर रचला गेला, तर त्यांतील घटना इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्यावरची आहे. शिवाय अशोकाच्या दुसऱ्या आणि तेराव्या शिलालेखांत ‘तंबपंणि’ म्हणजे सिंहलद्वीपाचा उल्लेख असला, तरी महेंद्रांचे नाव त्याच्या कोणत्याही लेखात आलेले नाही. तरीही या कथेला दंतकथा म्हणून बाजूला सारणे मला मुळीच मान्य नाही, कारण तिचा गाभा सांगणारे दगड आजही जागेवर आहेत.

त्यांतला सर्वांत मोलाचा दगड श्रीलंकेच्या पूर्व भागात, राजगल येथे आहे. तेथील ब्राह्मी लेखात या बेटावर आलेले इदिक थेर आणि महिद थेर (थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्षू) यांचा हा स्तूप असल्याचे कोरलेले आहे. महिद म्हणजे महेंद्र, आणि इदिक म्हणजे महावंसाने त्यांच्या सोबत्यांत गणलेले इत्थिय, असे अभ्यासक मानतात. लिपीच्या वळणावरून हा लेख महावंसाहून काही शतके जुना ठरतो. महेंद्रांच्या अस्थींचा काही भाग ठिकठिकाणच्या विहारांत स्तूप उभारून ठेवला गेला, असे महावंस सांगतो, आणि राजगलचा लेख त्याला दुजोराच देतो.

अशोकाच्या काळी निरनिराळ्या प्रदेशांत गेलेल्या ज्या धर्मोपदेशकांची यादी महावंसात आहे, त्यांतील हिमालयाकडे गेलेल्या मज्झिम थेरांचे नाव सांची येथे सापडलेल्या अस्थिपात्रावर वाचायला मिळते. त्याच यादीत महारट्ठ आणि अपरांत, म्हणजे महाराष्ट्राचा देशावरचा भाग आणि कोकण, हेही आहेत. ग्रंथ उशिरा लिहिला गेला म्हणून त्यातील स्मृतीही उशिराच्या ठरत नाहीत.

मात्र श्रीलंकेतील मिहिंतले येथे शिकारीस निघालेल्या तेथील देवानंपिय तिस्स राजाला महेंद्रांनी आंब्याच्या झाडाविषयी प्रश्न विचारले (हा आंबा, याखेरीज इतर आंबे, आंब्यांखेरीज इतर झाडे आणि या साऱ्यांखेरीज आणखी कोणते झाड, असे विचारताच राजाने “हाच आंबा” हे उत्तर दिले), किंवा महेंद्र आकाशमार्गे आले, हे सारे आख्यान म्हणूनच वाचावे. राजाने धम्म स्वीकारला आणि लगोलग सारे बेट बौद्ध झाले, हे चित्रही ग्रंथकाराचे आहे. प्रत्यक्षात धम्म कसा रुजला, ते भिक्षुसंघाला दान दिलेल्या गुहांवरून कळते. श्रीलंकेत अशा हजाराहून अधिक लेखयुक्त गुहा आहेत. नैसर्गिक कपारीच्या माथ्यावर, पावसाचे पाणी ओघळून आत येऊ नये म्हणून, आडवी खाच कोरलेली असते, आणि बहुधा तिच्याखाली एका ओळीत दात्याचे नाव असते. हे दाते केवळ राजे नव्हेत. ‘परुमक’ म्हणजे स्थानिक प्रमुख, गृहस्थ, उपासिका, क्वचित ब्राह्मणही त्यांत आहेत.

आपण नाशिकचे आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या लेखांत गुहेसाठी आलेला शब्द आहे ‘लेणे’. “अगत अनगत चतुदिस सगस”, म्हणजे आलेल्या व पुढे येणाऱ्या, चारही दिशांच्या संघास हे लेणे दिले, असा तेथील ठरलेला मजकूर असतो. आपल्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरवलेल्या लेखातही लेणे “चातुदिस” संघालाच अर्पण केलेले आहे. तो लेख सिंहली गुहालेखांतील सर्वांत जुन्या लेखांनंतर काही शतकांनी कोरलेला असला, तरी दानाची भाषा तीच आहे, आणि त्यातला मुख्य शब्द आपण आजही रोजच्या बोलण्यात वापरतो.